पुण्यात शिवाजीनगरच्या पुतळ्यापाशी भेटलेल्या वॉचमन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही, माहीत नाही. पांढरी काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी, मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघायचाय म्हणून फाटकाशी आलो होतो. ते आम्ही.

बाबा चित्रकलेचे शिक्षक. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. नोकरीत असताना ते प्रत्येक वर्गाला हा पुतळा घडवणाऱ्या शिल्पकार करमरकरांची गोष्ट सांगायचे. अलिबागजवळच्या सासवण्याच्या या मुलानं गावच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते पाहिलं आणि पोराला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला धाडलं. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मनातलं शिवस्मारक घडवायचं काम त्याच्याच हाती आलं. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्यांचे पुत्र राजाराम महाराजांनी काम तडीस नेलं आणि १९२८ मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं. साडेतेरा फूट उंच, ब्राँझचा, एकसंध ओतलेला. "तुकडे जोडून नाही हं, अख्खा घोडा स्वारासकट एका दमात ओतलाय!" हे सांगताना बाबांचा आवाज आजही चढतो.

काका, तुमच्याकडे येण्याआधी एका संग्रहालयात आम्ही फार कडू अनुभव घेतला होता. "यांना दिसत नाही, तर तिकीट कशाला काढताय?" असं खिडकीवरच्या माणसानं मला विचारलं, बाबा शेजारी उभे असताना. आत एका मूर्तीपाशी बाबांचा हात नुसता पुढे झाला, तर केवढ्यानं खेकसले! मूर्तीला हात लावू नये, हे चित्रकलेच्या मास्तरांना कुणी शिकवायला नको. पण मूर्ती कशी आहे, हे दोन वाक्यांत सांगायला कुठला नियम आडवा येत होता? त्यानंतर बाबांनी कुठे जायचं नावच काढलं नाही. तुमच्याकडे त्यांना मी बळेबळेच आणलं होतं.

तुम्ही आधी विचारलंत, "सर काय करायचे?" मी सांगितलं. मग तुम्ही बाबांच्या मागे उभे राहिलात, त्यांचा उजवा हात मनगटाशी धरलात आणि त्यांच्याच बोटानं हवेत घोडा काढायला लागलात. "सर, हात सैल सोडा. ही शेपटी. आता पाठ. इथं महाराज बसलेत. आता मान, वर वर वर..." मानेपाशी बाबा म्हणाले, "थांबा, परत घ्या, बाक कळला नाही." तुम्ही परत घेतलंत. पुन्हा म्हणाले, पुन्हा घेतलंत. फाटकावरून कुणीतरी हाक मारत होतं, त्याला तुम्ही नुसता हात दाखवलात.

हजारो पोरांचे हात धरून बाबांनी रेषा शिकवली. त्यांचा हात कुणी धरल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्हाला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं, पगारातही ते बसत नव्हतं. मी चहाला पैसे पुढे केले तर तुम्ही रागावलात. आपल्याकडे अशी माणसं आहेत म्हणूनच म्हाताऱ्या माणसांना घेऊन घराबाहेर पडायचा धीर होतो. सत्कार, शाली, फलक यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही, आणि त्याची मला मनापासून चीड येते.

बाबा आता सासवण्याला जायचं म्हणतायत, करमरकरांच्या घरातलं संग्रहालय बघायला. स्वतःहून म्हणतायत, काका! त्यांचा तुमच्यासाठी एक निरोपही आहे. शाळेतली मुलं पुतळ्यापाशी खेळायला आली की त्यांना तो घडवणाऱ्याचं नाव सांगा : विनायक पांडुरंग करमरकर. आणि मानेचा बाक तुम्ही तिसऱ्यांदा काढलात तो अगदी बरोबर होता, असंही त्यांनी कळवायला सांगितलंय.

तुमची,
ड्रॉइंगच्या सरांची मुलगी