बाल्या, चुरीच्या सालीचं काय करू सांग

प्रिय बाल्या,

तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, आईची शुगर कंट्रोलमध्ये. झालं. आता मेन गोष्ट ऐक, कारण दुसऱ्या कोणाला सांगितली तर तो म्हणेल यात काय एवढं, आणि घरी तर तोंडच उघडता येत नाही.

आपल्या बागेच्या संत्र्याची बिअर झाली बे. खरंच. इथल्या एका ब्रूपबात संत्र्याच्या सीझनपुरती बेल्जियन विटबिअर लावतात, म्हणजे गव्हाची, संत्र्याची साल आणि धने टाकलेली बिअर, ब्रूअर पोरगा यवतमाळकडचा आहे, चांगला बोलते. दिवाळीच्या आसपास प्यायलो तेव्हा मस्त होती, पण साल पाकिटातली, बाहेरून आलेली, वाळकी. मी म्हटलं, भाऊ, तू नागपुरात बसून संत्र्याची साल बाहेरून मागवून राहिला? तो म्हणे इथली साल लय पातळ, सैल, पीलर धरतच नाही, आणि सालीच्या आतलं पांढरं बिअरमध्ये गेलं की ती नुसती कडू. मग मी काटोलहून चुरी, आपली बारकी संत्री, नेऊन दिली, पिशवीभर. त्याने हाताने सोलली, चमच्याने आतलं पांढरं खरवडलं, सावलीत वाळवली. आणि उकळी संपायच्या शेवटच्या पाचेक मिनिटांत टाकली, कारण आधी टाकली तर तेल वाफेबरोबर उडून जाते. धनेही तेव्हाच, ठेचून.

परवा ती बॅच उघडली. ग्लास फिकट पिवळा, धुरकट, भाताच्या पेजेसारखा, कारण यात जवळपास अर्धा कच्चा गहू असतो, माल्ट न केलेला, म्हणजे मोड आणून न वाळवलेला. वर पांढरा घट्ट फेस. नाकाजवळ नेला आणि बाल्या, साल नखाने दाबली की जो फवारा उडून डोळ्यात जातो ना, तो वास. पहिला तोच. मग धने. मग लवंगेसारखं काहीतरी, आणि लवंग टाकलेलीच नाही, ते यीस्टचं काम आहे. गोड अजिबात नाही. लोकांना वाटते संत्र्याची म्हणजे ज्यूस असेल, रसाचा एक थेंब नसतो त्यात. शेवटी जिभेवर हलकी आंबट, कोरडी, आणि पाच टक्क्यांच्या आसपासची असल्याने डोकं ठिकाणावर. मी अर्धा ग्लास तसाच हातात धरून बसलो होतो, बोलवेना.

आणि हो, गोव्यात तू ग्लासातली लिंबाची फोड काढून माझ्या प्लेटीत फेकली होती, फळ टाकलं की बिअरचं सरबत होते म्हणून, आणि त्यावरून आपण म्हापशापर्यंत बोललो नव्हतो. तू चूक होता. आज लिहून देतो. येशील तेव्हा याच टेबलावर बसवून तुझ्याकडून मान्य करून घेतो.

आता खरं दुखणं. यंदा अंबिया बहाराची फळगळ एवढी झाली की झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. राहिलेल्यात अर्धी चुरी, व्यापारी तिच्याकडे बघतही नाही. बाबा तरी रोज सकाळी बागेत, डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगासाठी, खोडांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावत, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मी म्हटलं माणूस लावू, तर म्हणाले माणूस झाडाला ओळखत नाही. आजूबाजूच्या लोकांनी बागा तोडून कपाशी लावली. बाबा त्यावर काहीच बोलत नाहीत आणि तेच मला जास्त लागते.

आणि तो ब्रूअर पोरगा म्हणते, दादा, पुढच्या बॅचला बोर्डावर बागेचं नाव लिहू. काटोलची संत्री, आणि बाबांचं नाव.

बाबांचं नाव, बाल्या. बिअरच्या बोर्डावर.

नानाकाकाचं तुला सगळं माहीत आहे. तेव्हापासून बाबा खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घेतात. त्यात लहानपण वर्ध्याचं, दारूबंदीच्या जिल्ह्यातलं, सेवाग्रामला सूत कातायला जायचे ते. तुझ्या बॅगेत बाटली निघाली होती त्या दिवशी एक शब्द न बोलता मोरीत ओतली आणि मग तुलाच पाटावर बसवून जेवायला वाढलं, आठवते ना? तू भाकरी कशी गिळली ते मी बघितलं आहे.

पैशाचा विषय असता तर सोपं होतं. पाचशे लिटरच्या बॅचला वाळलेली साल किलोच्या आसपास लागते, त्यात काय मिळणार! मला फक्त वाटते की हे फळ टाकाऊ नाही असं कोणीतरी त्यांच्या तोंडावर सांगावं. तो पोरगा सांगत होता, बेल्जियमवाले जी साल वापरत आले ती कुरासाव बेटावरची. स्पॅनिश लोकांनी तिथे संत्री लावली, कोरड्या हवेत फळ इतकं कडू झालं की तोंडात धरवेना, पण सालीला असा वास की तिच्यासाठीच झाडं ठेवली. मी हे ऐकलं आणि मला आपली चुरीच दिसली. आणि ही बिअरही एकदा संपलीच होती बे. होगार्डन नावाचं गाव, तिथली शेवटची ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली, मग १९६६ मध्ये पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती परत सुरू केली. पोरपणी त्या जुन्या ब्रुअरीत हाताखाली काम केलं होतं, तेवढ्या आठवणीवर. एक दूधवाला! बाबांना ही गोष्ट लय आवडली असती, फक्त त्यात दूधच असायला पाहिजे होतं.

बायको म्हणते नाव नका लिहू, गुपचूप चुरी देत राहा, त्यांना कळणार कसं. जमत नाही मला. ज्या माणसाने प्रत्येक कलम हाताने बांधलं त्याच्या झाडाचं फळ त्याच्यापासून लपवून न्यायचं म्हणजे चोरीच झाली. आणि दुसरीकडून असंही वाटते की व्यापाऱ्याला ट्रक भरून दिल्यावर पुढे त्याचं काय होते हे बाबांनी कधी विचारलं नाही, मग यातच काऊन एवढं? पण मग नानाकाकाचा शेवटचा महिना आठवतो आणि मी गप्प बसतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच चालू आहे डोक्यात.

तुझं काय? फ्लॅटचं पझेशन मिळालं का की बिल्डर अजून तारखाच देऊन राहिला? पोरीची दहावी आहे ना यंदा, तिला म्हणा घाबरू नको, आपण दोघं पास झालो तर कोणीही होते. वहिनींना नमस्कार. सांबारवडी पाठवतो कोणी पुण्याला निघालं की.

आता काम. जानेवारीत येशील तेव्हा बाबा तुला बागेत नेतीलच, नेहमीसारखं झाड न झाड दाखवायला. मी तेव्हा घरीच थांबतो. विषय तू काढ. माझ्याशी ते बोलायच्या आधीच उठून जातील, तुझं मात्र पूर्ण ऐकून घेतात, त्या बाटलीच्या दिवसापासूनच का कोण जाणे. कुरासावचं सांग, दूधवाल्याचं सांग, बिअर आहे हे मात्र अगदी पहिल्याच वाक्यात सांग, फिरवून सांगू नको. नाही म्हणाले तर मी त्या पोराला चुरी देणं बंद करतो, वाद घालणार नाही. हो म्हणाले तर बोर्डावर काय लिहायचं ते त्यांनीच सांगावं.

तिकीट झालं की तारीख कळव, आणि या वेळेस रात्रीची गाडी घेऊ नको, बाबा सकाळी सहालाच बागेत निघतात.

तुझा,
गज्या