कॉलेजची वर्षे वाया कशी?

महोदय,

टेनिसपटू समीर बॅनर्जीने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उमेदीची वर्षे वाया घालवली, हा आपल्या क्रीडा पानावरील लेखाचा सूर पटला नाही. न्यू जर्सीच्या या मुलाने 17 व्या वर्षी, 2021 मध्ये व्हिक्टर लिलोव्हला 7-5, 6-3 असे हरवून विम्बल्डनचे कुमार विजेतेपद पटकावले, तेव्हा ‘भारतीय वंशाचा’ म्हणून आपण सगळेच हरखलो होतो. पण अमेरिकेचाच डोनाल्ड यंगही 2005 मध्ये कुमारांत जगात पहिला होता. कॉलेजला न जाता कोवळ्या वयातच तो व्यावसायिक झाला. एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतील) एकेरीचे एकही विजेतेपद हाती लागले नाही. जॉन इस्नर मात्र चार वर्षे अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळला आणि पुढे जागतिक क्रमवारीत आठवा झाला. 6 फूट 10 इंचांवरून सुटणारी सर्व्हिस काही कॉलेजने दिली नव्हती, हे मान्य; सामन्यांचा सराव मात्र दिलाच.

– एक टेनिसप्रेमी, पुणे