दत्तक मूल न्यायला येताना

महोदय,
परदेशस्थ मराठी जोडपी इथून मूल दत्तक घेतात तेव्हा परतीचे तिकीट आधी काढतात आणि कागदांवर अडकतात. ‘कारा’चे (दत्तक प्रक्रियेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचे) ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, जन्मदाखला, मग पासपोर्ट असा क्रम असतो; आंतरदेशीय दत्तकासाठीच्या हेग करारातल्या देशात राहणाऱ्यांना, दत्तक त्या करारानुसार झाल्याचे अनुरूपता प्रमाणपत्रही लागते. आदेशात नावाचे एक अक्षर चुकले तरी पुढचे सगळे खोळंबते. प्रत हाती येताच स्पेलिंग ताडून पाहावे. तिकीट तारीख बदलता येणारेच घ्यावे.

मधल्या दिवसांत अजिंठा-वेरूळ उरकण्याचा मोह मात्र आवरावा. नव्या माणसांना बिचकलेल्या मुलाला रोज नवी खोली सोसत नाही. त्यापेक्षा मूल जिथे वाढले त्या संस्थेतल्या मावशींजवळ बसावे. वरण-भात किती पातळ कालवतात, लाडाने काय हाक मारतात, हे लिहून घ्यावे; अंगाई त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करावी. मुलाचे पांघरूण मिळाले तर ते न धुता न्यावे, ओळखीच्या वासाने मूल लवकर शांत होते. आणि संस्थेचे अंगण, गल्ली, जवळची मंडई यांचे भरपूर फोटो काढावेत. ‘मी कुठे होतो?’ हा प्रश्न पुढे येतोच.

– दत्तक प्रक्रियेत काम करणारे काही वाचक, पुणे