ड्रेसिंगरूममधल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

आण्णांची, माझ्या सासऱ्यांची, पायाची जखम भरली. तुम्ही ती पाहिलीत, पण बाहेर रांग लागलेली असताना आभार मानायचे राहूनच गेले. आमच्या कराडकडे घरटी एखादा शुगरचा पेशंट आहे. त्यांच्याही कानावर तुमचं काम जावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आम्ही आलो तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, अडीच महिन्यांची चिघळलेली जखम होती. बुटात खडा गेलेला आणि दिवसभर शेतात फिरूनही सासऱ्यांना पत्ता नाही. घरी मी रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायची. फेस आला की वाटायचं, घाण निघाली. वरून अँटिबायोटिकची पावडर. तुम्ही रागावला नाहीत. "ताई, पेरॉक्साइडनं जंतूंबरोबर नवीन येणारं मांसही जळतं. आणि पावडरीची खपली धरलीय, खाली पू तसाच आहे," एवढंच म्हणालात.

डॉक्टर मेलेली कातडी ब्लेडनं काढत होते आणि आण्णा तुमच्याशी उसाच्या बिलाबद्दल बोलत होते. काळजात धस्स झालं माझ्या. पायाला काहीच लागत नाही म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

मग तुम्ही ती तपकिरी जेल दाखवलीत, कॅडेक्सोमर आयोडीनची. मी लगेच विचारलं, ही आधीच का नाही दिली? तुम्ही म्हणालात, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसे जंतू जखमेत चिकट थर धरून बसतात. घासून काढल्याशिवाय वरून कितीही औषध लावा, खाली पोचत नाही. म्हणून आधी सलाईननं धुवायचं, गॉजनं हलकं घासायचं, मग जेलचा साधारण तीन मिलिमीटरचा थर. तिच्यातले स्टार्चचे बारीक दाणे जखमेतलं पाणी शोषून फुगतात आणि आयोडीन थोडं थोडं सुटत राहतं. तपकिरी रंग उडून पिवळट-राखाडी झाला की औषध संपलं, पट्टी बदला. मला तारखा पाठ ठेवाव्या लागल्या नाहीत, जखमच सांगायची. कधी दोन दिवसांनी, कधी तीन.

थायरॉइडचं, किडनीचं तुम्ही ट्यूब उघडायच्या आधी विचारलंत. सासूबाईंना थायरॉइड आहे म्हटल्यावर बजावलंत, उरलेली ट्यूब त्यांच्या भेगांना लावायची नाही. आणि तीन महिन्यांच्या वर तर कुणालाच सलग नाही. मी लावलीच असती हो, खरं सांगते.

आण्णा सुनेला पायाला हात लावू देत नव्हते. वासाचीही लाज वाटायची त्यांना. तुम्ही स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलात, म्हणालात, "आण्णा, लेकीनं केलं असतं ना? मग हिला करू द्या." त्यानंतर त्यांनी पाय मागे घेतला नाही.

दर सोमवारी जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक धरून मार्करनं कड काढायची, हेही तुमचंच. चार आठवड्यांत निम्मी झाली नाही तर थांबायचं नाही, लगेच या, रक्तपुरवठा आणि हाड पुन्हा बघू, म्हणाला होतात. चौथ्या सोमवारी पहिला आणि नवा, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले. निम्म्याहून लहान! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मग आण्णांकडे बघून उचललीही. पुढे लाल, दाणेदार मांस दिसू लागल्यावर तुम्ही जेल बंद केलीत. मला भीती वाटली, पण जंतू आटोक्यात आल्यावर तिचं काम संपलं, हे तुम्ही दोनदा समजावलंत.

एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या तळाच्या, चप्पलवरून मात्र घरात वाद झाला. ही कुष्ठरोग्यांची चप्पल, असं कुणीतरी आण्णांच्या डोक्यात भरवलं. तुम्ही फोनवर त्यांना सांगितलंत की दोन्ही आजारांत पाय बधिर होतो, आणि जखमेवरचा भार काढला नाही तर जगातली कुठलीही जेल फुकट. आता ते घरातही ती काढत नाहीत. रात्री मी टॉर्च घेऊन दोन्ही तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.

प्लास्टिकचे सगळे तुकडे तारखेवार ठेवलेत. शेवटच्या सोमवारी त्यावर काढायला काहीच नव्हतं. नुसती तारीख घातलीय. पुढच्या तपासणीला येताना तो तुमच्यासाठी घेऊन येते.

तुमची,
आण्णांची सून