डॉक्टर मॅडम, तुम्ही त्यांचं काम विचारलंत

संधिवाताच्या ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमना,
सप्रेम नमस्कार.

माझे मिस्टर स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवतात. भांडुप-मुलुंडच्या कितीतरी घरांत त्यांच्या हातचे ओटे आहेत. पावसाळ्यात त्यांना चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण सांधे काही मोकळे होईनात. सकाळी बोटं अशी आखडलेली असायची की शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. जो तो म्हणायचा, चिकनगुनियाच तो, वर्षभर दुखणारच. ते खोटंही नव्हतं; या तापानंतर काहींचे सांधे महिनोन्महिने दुखतात, हे तुम्हीही सांगितलंत.

पण तेवढ्यावर तुम्ही केसपेपर मिटला नाहीत. बाहेर दारापर्यंत रांग असताना विचारलंत, "काम काय करता? दगड कोरडा कापता की पाणी सोडून?" हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कोरडाच कापायचे, कारण गिऱ्हाइकाला घरात चिखल नको असतो. तोंडाला रुमाल बांधला की झालं. वर विडी.

मग अँटी-सीसीपी नावाची रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे, आणि निदान झालं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसं तर खराब करतेच, पण प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या या आजाराशीही तिचा संबंध आहे, जोडीला विडी असली की धोका आणखी वाढतो, असं तुम्ही समजावलंत. १९५३ साली कॅप्लन नावाच्या डॉक्टरांनी वेल्सच्या कोळसा खाणकामगारांत हाच सांध्यांचा आजार आणि फुफ्फुसातल्या गाठी एकत्र असल्याची नोंद केली होती, हे ऐकून मिस्टर सावरून बसले. आपल्यासारख्या कामगारांकडे कुणीतरी इतक्या आधी नीट पाहिलं होतं, याचं त्यांना फार वाटलं.

तरी तुम्ही म्हणालात, "तुम्हाला धुळीनेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. अनुवंश, धूर, धूळ, विषाणू, यातलं कशाने किती, ते एका माणसात वेगळं काढता येत नाही." त्या बोलण्यामुळेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच. चिठ्ठीवर तुम्ही ठळक अक्षरांत 'फक्त रविवार' लिहून भोवती गोल केलात आणि रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं मला बाजूला घेऊन बजावलंत. ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आहे.

आता सूज उतरली आहे. रक्ताच्या तपासण्या वेळेवर होतात. विडी सुटायला वेळ लागला, पण सुटली. कटरला पाण्याची नळी जोडली, चांगला मास्क घेतला. गिऱ्हाईक कुरकुरलं तर "लादी मी पुसून देतो" म्हणतात, पण कोरडा कापत नाहीत.

मॅडम, मनापासून आभार. त्यांच्या हाताखालचा एक मुलगा बरेच दिवस खोकतोय. त्याला छातीच्या ओपीडीत आणतोय. केसपेपर काढतानाच सांगणार आहोत, हा दगड कापतो.

आपली ऋणी,
एका पेशंटची बायको