मंत्रीमहोदय, ‘अकबर’ नाव तुम्हाला का बोचतं?

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

१९४६ च्या नाविकांच्या उठावात उतरलेल्या ठाण्याच्या ‘अकबर’ या नौदल तळाच्या आठवणीचा फलक कोलशेत रोडला लावा, असा माझा अर्ज आपल्याकडे आहे. परवा त्यावरून तुमच्या पीएंचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. “काकू, फलकाचं काम अडलंय असं नाही, पण त्यावर ते ‘अकबर’ नाव आहे ना, त्यावरून वरून विचारणा होतेय. नुसतं ‘नौदल तळ’ लिहिलं तर चालेल का?” मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार झाला. उत्तर पीएंना न देता तुम्हालाच, चारचौघांत देते: नाही चालणार.

आपण कामाची माणसं, विसरला असाल. गेल्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांना शाल-श्रीफळ देण्याचा आपला कार्यक्रम ठाण्यात झाला. दीड तास उशिरा का होईना, आपण आलात. मी अर्ज हातात दिला, तो आपण वाचलात (निदान तसं दिसलं), माइक परत मागून घेतलात आणि म्हणालात, नाविकांच्या उठावात आपलं ठाणंही होतं, हे मलाच माहीत नव्हतं. येत्या १८ फेब्रुवारीला उठावाला ८० वर्षं होतील, त्या दिवशी कोलशेत रोडला फलक लागलेला असेल, हा माझा शब्द. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

१८ फेब्रुवारी उजाडली. कोलशेत रोडला फलक लागला होता, नाही असं नाही. आपल्याच पक्षाच्या एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा. शुभेच्छुकांचे चेहरे मोजायला गेले तर सिग्नल सुटला. त्या गर्दीत वरच्या कोपऱ्यात आपणही होतात, हात जोडून.

आपल्याला माहीत नव्हतं म्हणालात, म्हणून थोडक्यात सांगते. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर नाविकांनी अन्न नाकारलं. निकृष्ट जेवण, गोऱ्यांच्या तुलनेत तुटपुंजा पगार, वर तळाचा गोरा प्रमुख कमांडर किंग याच्या शिव्या. दुसऱ्या दिवसापर्यंत मुंबईतली जहाजं आणि किनाऱ्यावरचे तळ संपात उतरले, त्यात ठाण्याचा ‘अकबर’ होता. एकूण ७८ जहाजं, २० तळ, २० हजार नाविक असा आकडा सांगतात. कोणी कमी सांगतं. दोन-पाच जहाजं इकडेतिकडे झाली तरी आपल्या फलकाच्या खर्चात फरक पडणार नाही. मागण्या जेवणापुरत्या नव्हत्या. आझाद हिंद सेनेचे कैदी सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, हेही त्या विशी-बाविशीतल्या पोरांनी लिहून दिलं होतं.

त्या पोरांत आमचे अण्णा होते. देवगडकडचे, वय १९. ठाण्याहून गाडीत बसून मुंबईला गेलो, तिकीट कोणी विचारलं नाही, असं ते सांगायचे, आणि हसायचे. बाकी फारसं बोलत नसत. पण जेवायला बसले की आधी भात ताटात बोटांनी पसरून बघत. खडे शोधत. आईने दोनदा निवडलेला तांदूळ, तरी. आई चिडायची, “हे काय तुमचं जहाज आहे?” शेवटच्या आजारपणात पेज भरवायची वेळ आली तेव्हाही आधी वाटीत चमचा फिरवून दाखवावा लागे.

आता नावाचं. ‘अकबर’ हे नाव अण्णांनी ठेवलेलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. ते इंग्रजांच्या नौदलाने ठेवलं. त्याच नौदलाने १९४५ मध्ये लोणावळ्याच्या तळाला ‘शिवाजी’ नाव दिलं. ते आजही तिथे मानाने आहे आणि असायलाच हवं. मग एक नाव ठेवायचं आणि एक खरवडून काढायचं, हा न्याय कुठला? आणि खरवडायला बसलात तर पंचाईत होईल, साहेब. संपसमितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवरचा युनियन जॅक उतरवून पोरांनी काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा, असे तीन झेंडे एकत्र चढवले. ज्यांचे पुढारी एका खोलीत बसायला राजी नव्हते, त्यांचे झेंडे! तुम्हाला ८० वर्षांनंतर एका पाटीवरच्या चार अक्षरांनी घाम फुटतो?

बरं, दिलेला शब्द फिरवण्याची ही काही पहिली वेळ नाही, त्यामुळे आपण एकट्याने वाईट वाटून घेऊ नका. नौदलाचा प्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्रे याने रेडिओवरून धमकी दिली की नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण शरण या. २२ तारखेला मुंबई बंद झाली, गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला. परळला त्यात कार्यकर्ती कमल दोंदे गेली. दोनशेच्या वर माणसं मेली, तीही जहाजावरची नव्हेत, रस्त्यावरची. वल्लभभाईंनी आणि लीगनेही सांगितलं, शरण जा, कुणावर सूड उगवला जाणार नाही. २३ ला पोरं शरण गेली, “आम्ही हिंदुस्थानला शरण जातोय, ब्रिटनला नव्हे” म्हणत. मग काय झालं? धरपकड. आपल्या शेजारच्या मुलुंडला छावणीत डांबलं. ४७६ जणांना काढून टाकलं म्हणतात. दीड वर्षात स्वातंत्र्य आलं, तरी यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

अण्णा वागळे इस्टेटमध्ये फिटर म्हणून निवृत्त झाले. पुढे केव्हातरी सरकारने हा उठाव स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानला, पेन्शन लागू केली. अण्णा कागद घेऊन एका सरकारी कचेरीत गेले, मी बरोबर होते. टेबलामागचा माणूस कागद उलटासुलटा करून म्हणाला, “बंड केलंत म्हणून नोकरी गेली. यात स्वातंत्र्याचा काय संबंध?” वर म्हणे, दोन सहकैद्यांचे दाखले आणा. अण्णांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला. पुन्हा त्या दारात ते गेले नाहीत. मी गेले, बरेचदा. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, इतिहासाच्या पुस्तकात हा उठाव काही ओळींत उरकायचा, आणि त्या ओळी शिकवून झाल्यावर दुपारी त्याच उठावाचा पुरावा मागणाऱ्यासमोर उभं राहायचं. गुडघे तिथल्या जिन्यांनी घालवले, हे डॉक्टरांना सांगून पटत नाही.

२०२२ च्या प्रजासत्ताक दिनी नौदलाच्या चित्ररथावर हाच उठाव होता. दिल्लीत चालतो. कुलाब्याला स्मारक आहे, तिथे चालतो. ठाण्यात मात्र इतिहास कारागृहाच्या भिंतीपाशी संपतो. राघोजी भांगरे १८४८ ला, अनंत कान्हेरे १९१० ला तिथे फासावर गेले, त्यांना आपण वर्षातून एकदा हार घालता, फोटोसह. पुढचं कोणाला नको. गावांची शेतं गेली, खाडीकाठ गेला, उभ्या राहिलेल्या टॉवरांना इटली-फ्रान्सची नावं लागली. ती चालतात, वरून विचारणा होत नाही. चौकांना नगरसेवकांच्या वडिलांची नावं लागतात, एका सभेत ठराव होतो. घोडबंदर रोडचा खड्डा बुजवायला पावसाळ्याआधीचा मुहूर्त मिळत नाही, पण त्याच खड्ड्याशेजारी सुशोभीकरणाच्या कोनशिला रातोरात उगवतात, त्यावर आपल्यासकट बारा-पंधरा नावं. म्हणजे दगड आहे, कोरणारा आहे, पैसाही आहे.

आणि हे फक्त आपल्या पक्षाचं नाही हो. आधीचे होते त्यांनीही माझा अर्ज ठेवून घेतला होता, फक्त त्यांनी माइक परत मागितला नव्हता. सगळ्यांना शहीद हवेत ते एकेकटे, झालंच तर आपापल्या जातीचे, म्हणजे मेळावा घेता येतो. वीस हजार पोरं एकदम, सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची, वर पुढाऱ्यांचं न ऐकणारी, त्यांचं करायचं काय?

तेव्हा माझं एवढंच मागणं. मजकूर मी ऑगस्टमध्ये दिला तसाच, चारही अक्षरांसकट लावा. जमत नसेल तर ‘अकबर’ या नावामुळे फलक लावता येत नाही, असं आपल्या लेटरहेडवर लिहून द्या. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. पीएंच्या फोनवर मी यापुढे काही ऐकून घेणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार,
कोलशेत, ठाणे (प.)