विषय: पेन्शन देता, पण तसं सहीनिशी लिहून देत नाही

प्रति,
महाव्यवस्थापक (पेन्शन व ग्राहक सेवा),
मुख्य कार्यालय.

महोदय,

आज दुपारी तुमच्या पेन्शन कक्षाशी फोनवर जे बोलणं झालं, त्यानंतर हे पत्र लिहायला बसलो आहे. यापुढे मी फोनवर काही बोलणार नाही. जे असेल ते लेखी.

मी केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत होतो आणि जवळजवळ सगळी नोकरी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवर झाली. माझी पेन्शन दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयामार्फत तुमच्या सेंट्रल पेन्शन प्रोसेसिंग सेंटरकडे येते आणि तिथून माझ्या खात्यात जमा होते. महागाई भत्ता वाढला की फरक तुम्ही काढता, आयकर तुम्ही कापता, कर कापल्याचा दाखला तुम्ही देता. माझ्या पेन्शनची इतकी माहिती दुसऱ्या कुणाकडेही नाही. आणि नेमके तुम्हीच ही पेन्शन मला मिळते असं एका कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला तयार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, बाकीचं सगळं त्यातून निघालं आहे.

निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी थायलंडमध्ये चियांग माईला राहतो. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला तिथे निवृत्त म्हणून राहता येतं, पण मुक्कामाची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. फी १,९०० बाट. ती अडचण नाही. अडचण पैशाच्या पुराव्याची आहे. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवा, किंवा तिथल्या बँकेत ८,००,००० बाट ठेव दाखवा, किंवा वर्षाचं उत्पन्न आणि ठेव मिळून ८,००,००० बाट भरतात हे दाखवा, असे तीन मार्ग आहेत. माझ्या पेन्शनीत पहिला बसत नाही. दुसऱ्यासाठी मुदत ठेवी मोडून सगळी पुंजी परदेशात नेऊन ठेवावी लागते, आणि मंजुरीनंतर तीन महिने त्यातला एक बाट काढता येत नाही, पुढेही शिल्लक ४,००,००० च्या खाली जाऊ द्यायची नाही. उद्या पत्नीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तो पैसा असून नसल्यासारखा. म्हणून आम्ही तिसरा मार्ग धरला. पेन्शन दाखवायची आणि उरलेली रक्कम ठेवीत ठेवायची. इतकी वर्षं हे सुरळीत चाललं, कारण तुमच्या शाखेचे आधीचे व्यवस्थापक बँकेच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र देत, खाली सही, पदनाम आणि गोल शिक्का असे.

या वर्षी ते पत्र बंद झालं. का, ते कुणालाही सांगता येत नाही.

पत्राऐवजी शाखेतून मला एक छापील कागद मिळाला. त्यावर माझं नाव, खाते क्रमांक आणि बारा महिन्यांच्या जमा रकमा आहेत, आणि तळाशी बारीक अक्षरात ओळ आहे की ही संगणकीय प्रत असल्याने सहीची आवश्यकता नाही. चियांग माईच्या इमिग्रेशन कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी तो कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सुलटा केला आणि तळाची रिकामी जागा बोटाने दाखवून विचारलं, सही कुठे आहे? मी ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. त्या बाईंचं काय चुकलं? सही नसलेला कागद कुठलाही अधिकारी घेणार नाही. तुमची बँक तरी घेते का? मी बिनसहीचा अर्ज दिला तर तुम्ही स्वीकाराल का?

त्याच कागदावर शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) आणि पासपोर्टवर औरंगाबाद आहे. सरकारने २०२३ मध्ये नाव बदललं, इथे ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण चियांग माईच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात. दोन वेगळी गावं म्हणजे दोन वेगळी माणसं असू शकतात, अशी शंका त्यांनी काढली. पत्त्यापुढे 'पूर्वीचे औरंगाबाद' एवढे दोन शब्द टाकले असते तर भागलं असतं. शाखेतल्या मुलीला मी तसं सांगितलं. ती बिचारी चांगली होती, म्हणाली, "काका, मी टाकून दिलं असतं, पण तो फॉरमॅट मुंबईहून लॉक केलाय, आम्हाला एक अक्षर बदलता येत नाही." तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि या पत्रामुळे तिला कुणी जाब विचारू नये.

आता पैसे पाठवण्याचं. मी परदेशी राहतो म्हणून नियमाप्रमाणे माझं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, केलं. पेन्शन हे चालू उत्पन्न आहे आणि कर भरल्यावर ते बाहेर नेता येतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. दर महिन्याला मी तुमच्यामार्फत चियांग माईला पैसे पाठवतो. पूर्वी ते स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने, जायचे आणि तिथल्या पासबुकात परदेशातून आलेली रक्कम म्हणून त्यांची वेगळी नोंद व्हायची. मध्यंतरी तुम्ही मार्ग बदलला. पैसे आता तुमच्या कुठल्या तरी भागीदार कंपनीकडे जातात आणि ती कंपनी थायलंडमधल्याच तिच्या खात्यातून माझ्या खात्यात भरते. रक्कम लवकर पोचते, शुल्कही कमी लागतं, पण पासबुकात ती देशातल्या देशात झालेली जमा दिसते. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी २०१९ पासून आपल्या नागरिकांना उत्पन्नाची पत्रं देणं बंद केलं, तेव्हापासून तिथल्या कार्यालयाचा भर बँकेच्या नोंदींवर आहे. आणि माझ्या नोंदी सांगतात की मला थायलंडमधूनच कुणीतरी दरमहा पैसे देतो. निवृत्त म्हणून राहणाऱ्याला तिथे काम करायला मनाई आहे. म्हणजे तुमच्या या सोयीमुळे मी चोरून नोकरी करतो असा संशय येऊ शकतो. मार्ग बदलताना मला विचारलं नाही, कळवलंही नाही. वर हेतूच्या रकान्यात मी 'पेन्शन' लिहिलं असताना पावतीवर 'कुटुंब खर्च' छापून आलं.

या सगळ्यासाठी मी पत्नीला तिकडे एकटं ठेवून संभाजीनगरला आलो. मेलला उत्तर येत नव्हतं म्हणून. रि-एंट्री परमिट काढून आलो आहे, आणि ते परमिट सध्याची मुदत असेपर्यंतच चालतं. त्याआधी कागद घेऊन परत पोचलो नाही तर मुक्काम खंडित होतो आणि नव्या व्हिसापासून सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. हे शाखेत सांगितलं, मेलवर सांगितलं, आज फोनवरही सांगितलं.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, काढून ऐका. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एका तरुणाने फोन घेतला. माझा पीपीओ क्रमांक विचारला, सांगितला. जन्मतारीख, आईचं नाव, सांगितलं. मग म्हणाला, "सर, व्हेरिफिकेशनसाठी मागच्या महिन्यात किती पेन्शन जमा झाली ते सांगा." मी रुपयापर्यंत सांगितली. तो म्हणाला, "बरोबर आहे सर." मी म्हटलं, म्हणजे ती रक्कम तुमच्या समोर स्क्रीनवर दिसतेय? "हो सर, दिसतेय ना." मी म्हटलं, मग हे जे दिसतंय तेवढंच मला सहीनिशी लिहून द्या. तो म्हणाला, "सर, तशी सुविधा नाही आमच्याकडे." मी म्हटलं, पेन्शन तुम्ही देता. "हो सर." ती मला मिळते हे तुम्हाला माहीत आहे. "हो सर." मग लिहून द्यायला अडचण काय? तो म्हणाला, "सर, तुम्हाला पेन्शन वेळेवर मिळतेय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं. वरिष्ठ आले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही मुलांना सांगा ना तिकडे पैसे भरायला, लेटरच्या मागे कशाला लागता?" मी म्हटलं, माझी पेन्शन असताना मी मुलांकडे हात का पसरू? त्यावर ते म्हणाले, "पण या वयात तिकडे राहायची गरजच काय आहे? आपल्या गावी या, निवांत राहा." आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज आला की आमच्या सेवेला गुण द्या.

मी कुठे राहावं हे तुमची बँक ठरवणार का? कुठे आणि का राहतो याचा हिशेब मी तुम्हाला देणं लागत नाही. तरीही सांगतो, कारण त्या माणसाने मला गप्प केलं आणि ते मला सहन झालेलं नाही. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात वेस्संतर जातकाचं चित्र आहे. सर्वस्व दान करणाऱ्या राजपुत्राची ती गोष्ट. त्या भिंतीसमोर मी तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत काम केलं, दिव्याच्या उजेडात रंगाचे पोपडे बसवले, वटवाघळांची घाण काढली. थायलंडमध्ये त्याच जातकाचं विहारात दरवर्षी पठण होतं, गावंच्या गावं ऐकायला बसतात. ते ऐकत, पाली शिकत उरलेली वर्षं काढावीत हे आम्ही दोघांनी ठरवलं. कुणाकडे एक पैसा न मागता, आयुष्यभराच्या नोकरीतून मिळवलेल्या पेन्शनवर. त्याला कुणीतरी फोनवर 'गरजच काय' म्हणावं?

दर नोव्हेंबरला तुम्ही माझ्याकडे हयातीचा दाखला मागता. मी जिवंत आहे हे तुम्हाला दरवर्षी सिद्ध करून हवं असतं, आणि मी ते करतो, एकदाही चुकवलं नाही. तो नियम आहे आणि योग्य आहे, पैसा सरकारचा आहे. पण मी जिवंत असल्याचं तुम्हाला लिहून देतो, तसं तुम्ही मला पेन्शन देता हे मला लिहून द्यायला नको? आयकर खात्याला कर कापल्याच्या विवरणपत्रातून तुम्ही हेच सांगता. मग त्याच रकमेचं पत्र मला देताना फॉरमॅट का आड येतो?

माझा पहिला पगार तुमच्याच शाखेत जमा झाला. घराचं कर्ज तुमच्याकडून घेतलं आणि मुदतीआधी फेडलं. सहाव्या, सातव्या वेतन आयोगाचा फरक आला तेव्हा दुसऱ्या बँकांचे लोक ठेवींसाठी घरी येऊन बसले होते, मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. भावाचं, मेव्हण्याचं, ऑफिसातल्या किती जणांचं खातं मी तुमच्याकडे उघडून दिलं. खरं सांगतो, नुकसानीपेक्षा याचं जास्त वाईट वाटतं. त्या काळी शाखेत माणूस सही करायचा आणि त्या सहीची जबाबदारी घ्यायचा. आज सही करायला कुणी तयार नाही.

मला काय हवं ते स्पष्ट लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी 'नेमकं काय पाहिजे' असं विचारणार नाही. बँकेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, माझं पासपोर्टप्रमाणे नाव, पीपीओ क्रमांक, ही केंद्र सरकारची आजीवन पेन्शन आहे हे वाक्य, मागच्या बारा महिन्यांच्या निव्वळ रकमा, पत्त्यात 'पूर्वीचे औरंगाबाद', आणि खाली अधिकाऱ्याची शाईची सही, नाव, पदनाम, शिक्का. शाईची सही, हे पुन्हा लिहितो, कारण बिनसहीचा कागद तुम्ही मला परत देऊ शकता याची आता मला खात्री आहे. दुसरं, मार्ग बदलल्यापासून पाठवलेल्या प्रत्येक रकमेसाठी ती भारतातल्या माझ्या एनआरओ खात्यातून पेन्शनपोटी गेली असं सहीचं पत्र. पुढच्या महिन्यापासून माझे पैसे स्विफ्टनेच जातील आणि मागितल्यावर स्विफ्ट संदेशाची प्रत मिळेल. शुल्क जास्त लागलं तरी चालेल, मी भरीन. तिसरं, आजच्या त्या वरिष्ठांनी माझी लेखी माफी मागावी.

हे पत्र मी आज तुमच्या तक्रार नोंदवहीत क्रमांक घालून दाखल करतो आहे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करीन. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई व मनस्तापाचे पैसे वेगळे मागता येतात. माझी मुदत तुमच्यामुळे हुकली तर विमानाचं तिकीट, नव्या व्हिसाचा खर्च आणि मोडाव्या लागलेल्या ठेवींचं व्याज, सगळं त्यात मांडीन. पेन्शनच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर मात्र मी तीस दिवस थांबणार नाही, तिथे आज रात्रीच नोंद करतो आहे. आणि पेन्शन दुसऱ्या बँकेकडे वळवण्याचा अर्जही भरून ठेवला आहे.

सोमवारी सकाळी शाखा उघडल्याबरोबर मी पत्र न्यायला येईन. सही करणारा अधिकारी जागेवर असेल अशी व्यवस्था करावी.

तक्रारदार,
निवृत्त केंद्रीय कर्मचारी व खातेदार,
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद)

सोबत: पीपीओची प्रत, पासपोर्टची प्रत, तुमचा बिनसहीचा कागद, थाई पासबुकाची पानं.

प्रत माहितीसाठी: पेन्शन व पेन्शनर कल्याण विभाग, नवी दिल्ली, केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालय, नवी दिल्ली, शाखा व्यवस्थापक.